आधी तानपुरा ऐकवा, मग भाव विचारा

जूनच्या अखेरीस शाळांना सुट्ट्या लागल्या की बहरीनमधल्या मराठी घरांत पलंगाखालच्या बॅगा बाहेर निघतात. मुंबईची तिकिटं आधीच काढलेली असतात आणि गावाकडून याद्या यायला लागतात. खजूर, बदाम, अत्तर हे कुणी न सांगताही घ्यायचंच असतं. अलीकडे मात्र यादीत आणखी एक ओळ हमखास येते: ‘येताना एक चांगला हेडफोन आण. फार महागातला नको.’ भाचा सांगतो, मेहुणा सांगतो, आणि आता सत्तरी ओलांडलेले वडीलही सांगतात.

चांगला आणि स्वस्त या दोन अटी एकमेकींच्या आड येतात असं आपण धरून चालतो. हेडफोनच्या बाबतीत तसं नाही. पाच ते वीस दिनारांत मन लावून गाणं ऐकता येईल असा हेडफोन मिळतो. मात्र तो खोक्यावरचा मजकूर वाचून सापडत नाही, कानानेच निवडावा लागतो. आणि तसा कान आपल्यापाशी आहे. ज्याने सकाळी रेडिओवर अभंग ऐकलेत, जो गणपतीच्या आरतीत टाळांच्या गजरात उभा राहिलाय, त्याला खरा आवाज कसा असतो हे कुणी शिकवायला नको.

खरेदीसाठी आपले पाय वळतात ते बहुधा बाब अल बहरीनकडे. बाब म्हणजे दार. मनामाच्या जुन्या बाजाराचं हे दार. इथल्या शासकांचे ब्रिटिश सल्लागार चार्ल्स बेलग्रेव्ह यांनी त्याचा आराखडा केला आणि १९४९ मध्ये ते बांधून झालं. तेव्हा समुद्र इथून हाकेच्या अंतरावर होता, पुढे भराव पडत गेले आणि पाणी लांब सरलं. कमानीखालून आत शिरलं की सूक सुरू होतो. मसाल्यांच्या गोण्या, कापडाचे तागे, सोन्याची दुकानं, आत गल्लीत श्रीनाथजींचं मंदिर, आणि अधूनमधून मोबाइलचं सामान विकणारी बोळकांडीएवढी दुकानं, ज्यांच्या छतापासून हेडफोन लोंबत असतात. या बाजाराचं आणि मुंबईचं नातं जुनं आहे. आखातातला मोती विकायला मुंबईला जायचा आणि १९६५ मध्ये दिनार येईपर्यंत इथे रुपयाच चालायचा. दहा रुपयांचा एक दिनार झाला, म्हणून शंभर फिल्सना इथली जुनी माणसं अजूनही ‘रुबिया’ म्हणतात. सूकमध्ये घासाघीस करताना हा शब्द कानावर पडला की मला उगाच घरच्यासारखं वाटतं.

पण घरच्यासारखं वाटलं म्हणून डोळे मिटून घेऊ नये, हे मी पदरमोड करून शिकलो. काही वर्षांपूर्वी एका दुकानातून नामांकित कंपनीचा म्हणून सहा दिनारांचा हेडफोन उचलला. खोकं हुबेहूब, छपाई झकास, आत वॉरंटीचं कार्डसुद्धा. घरी आल्यावर त्या कंपनीचं ॲप फोनवर घेतलं, तर ॲपला तो हेडफोन दिसेचना. ब्लूटूथच्या यादीत दिसत होता, गाणंही वाजत होतं, पण कंपनीचं ॲप त्याला ओळखायला तयार नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात डावी बाजू मुकी झाली. पावती घेतलेली नव्हती, त्यामुळे बोलायला तोंड नव्हतं. तेव्हापासून माझा पहिला नियम ठरला: ज्या कंपनीचं स्वतःचं ॲप आहे तिचा बिनतारी हेडफोन घेताना ते ॲप घरून फोनवर उतरवून न्यायचं आणि पैसे देण्याआधी दुकानातच जोडून बघायचं. खोक्याची नक्कल करणं सोपं आहे, ॲपला फसवणं त्या मानाने कठीण.

आता आवाजाकडे येऊ, कारण खरा मामला तिथे आहे.

दुकानदार तुम्हाला ऐकवतो ते त्याच्या फोनवरचं, धडाम धडाम वाजणारं काहीतरी. त्यावर कुठलाही हेडफोन पहिल्या मिनिटाला भारीच वाटतो. म्हणून गाणी आपली हवीत, शंभर वेळा ऐकलेली हवीत आणि फोनमध्ये चांगल्या दर्जात उतरवून ठेवलेली हवीत. बाजारातल्या गर्दीत इंटरनेट मंदावलं की ॲपमधून येणाऱ्या गाण्याचा दर्जा आपोआप घसरतो आणि दोष हेडफोनच्या माथी येतो.

मी चार ध्वनिमुद्रणं घेऊन जातो. पहिलं म्हणजे ख्यालाची सुरुवात, जिथे गायकाने अजून आवाज लावलेला नाही आणि नुसते तानपुरे वाजताहेत. डोळे मिटून जवारी ऐका. तार छेडल्यावर जो बारीक झणकार उमटतो, तो मधमाश्यांच्या गुंजारवासारखा सलग आणि उलगडत जाणारा ऐकू यायला हवा. वाईट हेडफोनवर तानपुरा म्हणजे मागे चालू असलेल्या पंख्याची घरघर होते. माझ्या मते या एका परीक्षेत अर्धे हेडफोन बाद होतात, आणि तिला दीड मिनिटही लागत नाही.

दुसरं, बाबूजींचं, म्हणजे सुधीर फडक्यांच्या आवाजातलं गीतरामायण. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून वर्षभर गाजलेल्या त्या छप्पन्न गीतांपैकी कुठलंही एक. बाबूजींचा शब्दोच्चार म्हणजे आरसा. त्यातला प्रत्येक ‘ळ’ आणि ‘ण’ वेगळा कळायला हवा. आजकाल खोक्यावर ‘एक्स्ट्रा बास’, ‘डीप बास’ असं ठळक लिहिलेलं असतं. बास म्हणजे आपल्या भाषेत मंद्र. मंद्राला इतकं फुगवलं की ते मध्य सप्तकावर पसरतं आणि पुरुषाचा आवाज घोंगडीआडून आल्यासारखा होतो. आपलं भावगीत, नाट्यगीत, अभंग, सगळा जीव मध्य सप्तकात. तिथे हेडफोन कमी पडला तर त्याची बाकीची कुठलीच करामत कामाची नाही.

तिसरं, तबला ठळक असलेली कुठलीही रचना. चाटेवरचा ‘ना’ काचेवर टिचकी मारल्यासारखा सुटा आणि डग्ग्याचा घुमारा गोल, दबलेला, पण पाठोपाठ थांबणारा. घुमारा थांबतच नसेल, एका ठोक्याची शेपटी पुढच्या ठोक्यात शिरत असेल, तर हेडफोन परत द्या. याच रांगेत टाळांचा अभंगही ऐकावा. टाळ किणकिणले पाहिजेत, पण दोन मिनिटांनी कपाळाशी कळ येऊ लागली तर तार सप्तक गरजेपेक्षा तिखट केलंय असं समजावं. दुकानात हा तिखटपणा ‘क्लिअर’ वाटतो, घरी मात्र अर्ध्या तासात हेडफोन काढून ठेवावासा वाटतो.

चौथं, ‘सैराट’. अजय-अतुल यांनी या २०१६ च्या चित्रपटासाठी लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोरिंग स्टेजवर पाश्चात्त्य वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला होता. व्हायोलिनांचा ताफा एकदम उसळतो तेव्हा ती भिंत अंगावर येते की वाद्यं डावी-उजवीकडे, पुढे-मागे पसरलेली कळतात, एवढंच बघायचं.

हे ऐकताना एक पथ्य पाळा. दोन हेडफोनांची तुलना करताना आवाजाची पातळी सारखी ठेवा. जरासा मोठा वाजणारा हेडफोन आपल्या कानाला नेहमीच अधिक चांगला वाटतो, हे मानवी कानाचंच वैशिष्ट्य आहे. विकणाऱ्यालाही ते अनुभवाने माहीत असतं. गायकाचा आवाज दोन्हीकडे सारखा ऐकू येईपर्यंत बटण खालीवर करा आणि मगच ठरवा. आणि एका फेरीत तीनपेक्षा जास्त ऐकू नका, कान थकतो. मधे बाहेर पडून करक चाय घ्यावा, मग चौथ्याकडे वळावं.

किंमत आणि आवाज यांचा संबंध किती? जेरोन ब्रेबार्ट या संशोधकाने २०१७ मध्ये २८३ हेडफोनांची मापं तपासली. आवाजाच्या वेगवेगळ्या पट्ट्या हेडफोन किती प्रमाणात वाजवतो याचा आणि दुकानातल्या किमतीचा त्यांना काही मेळ सापडला नाही. याचा अर्थ महाग वस्तू वाईट असा नव्हे. जास्तीचे पैसे बऱ्याचदा बांधणी, बॅटरी, बाहेरचा गोंगाट कापणारी यंत्रणा आणि नाव यांसाठी जातात. ते हवं असेल तर जरूर मोजावेत. पण नुसतं गाणं ऐकायचं असेल तर दहा दिनारांवाला चाळीस दिनारांवाल्याच्या मांडीला मांडी लावून बसू शकतो, ही गोष्ट मनात पक्की धरून दुकानाची पायरी चढा.

म्हणूनच माझं स्पष्ट मत आहे की खिशात दहा दिनारांहून कमी असतील तर वायरवालाच घ्या. बिनतारी हेडफोनमध्ये त्याच पैशांत बॅटरी, चिप, ब्लूटूथ, चार्जिंगचा डबा इतकं सगळं बसवायचं असतं, आवाजाच्या वाट्याला उरतं ते थोडकं. वायरवाल्यात जवळजवळ सगळा पैसा आवाजावर लागतो आणि दोन-तीन वर्षांनी म्हातारी होणारी बॅटरी नसल्याने तो टिकतोही. कॉस कंपनीचा पोर्टा प्रो १९८४ पासून आजतागायत बनतोय आणि त्याच कंपनीचा कानाला अडकवायचा केएससी ७५ हा सुमारे वीस डॉलरचा, म्हणजे साडेसात दिनारांच्या आसपासचा. दिसायला अगदी साधा, काहीसा जुनाटच, पण त्यावर कुमार गंधर्व ऐकावेत. त्याची कानावरची बाजू उघडी असते, त्यामुळे आवाज शेजाऱ्यालाही ऐकू जातो. बसमध्ये किंवा ऑफिसात तो चालणार नाही. कानात घालायच्या प्रकारात मूनड्रॉप चू याच किमतीच्या पट्ट्यातला आणि गुणी. कान पूर्ण झाकणारा वायरवाला हवा असेल आणि दहाहून जास्त दिनार मोजायची तयारी असेल तर ऑडिओ-टेक्निकाचा एम२०एक्स बघा. असे हेडफोन सूकमधल्या छोट्या दुकानांत क्वचितच दिसतात. मॉलमधल्या मोठ्या दुकानांत विचारावं नाहीतर ऑनलाइन मागवावेत. फोनला गोल भोक नसेल तर सी-टाइपचा छोटा जोड घ्यावा लागेल, तोही चांगल्या कंपनीचा. फुटकळ जोड घेतला तर शांत जागी सूं सूं आवाज येत राहतो.

बिनतारीच हवा असेल तर वीस दिनारांच्या आसपास सोनीचा डब्ल्यूएच-सीएच५२० घेऊन पाहा. कंपनी बॅटरी पन्नास तासांपर्यंत चालेल असं सांगते, वजनाला हलका आहे आणि आवाज ॲपमधून आपल्या आवडीनुसार खालीवर करता येतो. मी तरी मंद्र दोन घरं उतरवतो.

खोक्यावरच्या आकड्यांपैकी बहुतेक सोडून द्यावेत. ‘५० मिलिमीटर ड्रायव्हर’ म्हणजे आतला पडदा मोठा, चांगला असेलच असं नाही. ‘१० ते ४०,००० हर्ट्झ’ वाचून हुरळू नका. धडधाकट तरुण माणसाचा कान २० ते २०,००० एवढंच ऐकतो आणि वयाबरोबर वरची हद्द खाली येत जाते. एक आकडा मात्र पाहावा: ओहम. १६ ते ३२ ओहमचा हेडफोन फोनवर सहज वाजतो. स्टुडिओसाठी बनवलेले २५० ओहमचे हेडफोन फोनला लावले तर आवाज मुंगीएवढा. जास्त ओहम म्हणजे जास्त दर्जा असं कुणी सांगितलं तर मान डोलवू नका.

घरून काम करणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. कंप्युटरवर मीटिंग सुरू झाली आणि ब्लूटूथ हेडफोनचा माइक चालू झाला की आवाज एकाएकी जुन्या टेलिफोनसारखा होतो. हेडफोन बिघडलेला नसतो. ऐकणं आणि बोलणं एकाच वेळी पेलण्यासाठी ब्लूटूथ एका जुन्या, कमी दर्जाच्या पद्धतीवर उतरतं. दिवसातून चार मीटिंगा असतील तर वायरचा माइकवाला हेडसेट वेगळा ठेवा. स्वस्त पडतो आणि समोरच्याला तुमचं बोलणं नीट ऐकू जातं. गावी आईशी तास तासभर बोलणाऱ्यांनाही हेच लागू आहे. आपल्याला गाणं छान ऐकू येतंय म्हणजे तिला आपला आवाज छान पोचतोय, असं नसतं. दुकानातूनच घरी एक फोन लावा आणि विचारा, ‘आई, आवाज येतोय का नीट?’ तिच्या ‘अगदी शेजारी बसल्यासारखा’ या उत्तरावर मी एकदा अर्ध्या मिनिटात हेडफोन घेतलाय.

आता कानाचं माप. कानात घालायच्या प्रकाराबरोबर रबराच्या तीन टोप्या येतात आणि बहुतेक लोक मधली लावून मोकळे होतात. टोपी सैल असली की फट राहते आणि मंद्र सगळं त्या फटीतून निघून जातं. मग माणूस म्हणतो, ‘ह्यात बासच नाही.’ तिन्ही लावून पाहा. डाव्या आणि उजव्या कानाला वेगळी टोपी लागणंही अगदी सर्वसाधारण आहे. कान झाकणाऱ्या प्रकारात चष्म्याच्या दांड्या गादीखालून फट पाडतात, त्यामुळे चष्मा लावूनच ऐकून पाहा. बायकांनी कानात कुड्या असतील तर त्या घालूनच दुकानात जावं. कानावर टेकणाऱ्या छोट्या गाद्या कुडीची फिरकी मानेशी इतकी दाबतात की वीस मिनिटांत कान लाल होतो. माझ्या बायकोने एक आवडलेला हेडफोन याच कारणासाठी परत ठेवला, आणि तिचं बरोबर होतं.

बहरीनच्या हवेचा विचार तर सगळ्यात आधी हवा होता. इथला उन्हाळा चाळिशी पार करतो आणि वर समुद्राची दमट हवा. स्वस्त हेडफोनच्या गाद्यांवरचं नकली कातडं या घामाने आणि दमटपणाने सुटू लागतं. एक दिवस आरशात पाहिलं तर कानाभोवती, कॉलरवर काळे कपचे चिकटलेले. आधी वाटलं काजळी, मग कळलं गादी झडतेय. म्हणून गादी निघते का आणि वेगळी मिळते का, हे घेतानाच विचारा. कापडी किंवा मखमली गादी असेल तर उत्तम. वापरून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसा. आणि ऑगस्टमध्ये बिनतारी हेडफोन गाडीत ठेवून दुपारी कुठे जाऊ नका. बंद गाडीतली ती भट्टी बॅटरीचं आयुष्य खाते.

गोंगाट कापणारी यंत्रणा घ्यावी का, असं बरेच जण विचारतात. तिचं काम असं चालतं: बाहेरचा माइक आवाज टिपतो आणि हेडफोन त्याच्या उलट लाट तयार करून तो पुसतो. एकसुरी घुमणाऱ्या आवाजावर ती लागू पडते, म्हणजे विमानाचं इंजिन किंवा खिडकीतला एसी. माणसांच्या बोलण्यावर, भांड्यांच्या आवाजावर तिचा फारसा इलाज नाही. वर्षाला एकदा मुंबईला जायचं आणि घरी शांतता असेल तर त्यासाठी जास्तीचे दिनार मोजू नका. वीस दिनारांच्या आत ती घ्यायला गेलात तर बहुधा आवाजाशी तडजोड करावी लागते. विमानासाठी एवढंच पाहा की वायरनेही वाजेल. अनेक विमानांत समोरच्या पडद्याला अजून वायरच लागते.

पैसे देताना तीन गोष्टी. इथे २०२२ पासून व्हॅट दहा टक्के आहे, तेव्हा सांगितलेला भाव त्यासह की त्याविना, ते आधी विचारा. पावतीवर नुसतं ‘हेडफोन’ असं न लिहिता मॉडेलचं नाव आणि सिरीअल नंबर लिहून घ्या, आणि बेनिफिट पे ॲपवरून पैसे दिले असले तरी कागदी पावती मागा. भारतात न्यायचा असेल तर वॉरंटी तिथे चालते का ते विचारा. कित्येकदा ती आखातापुरतीच असते आणि ही गोष्ट कळते ती सांगलीच्या दुकानात, बिघाड झाल्यावर.

मुलांसाठी घेताना एक आकडा घरात सगळ्यांना सांगून ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने ८० डेसिबल पातळीवर आठवड्याला चाळीस तास ऐकलं तर चालतं. पातळी ९० झाली की तेच प्रमाण आठवड्याला चार तासांवर येतं. मुलांसाठी हद्द ७५ डेसिबलची. अनेक फोनांत ही पातळी दाखवणारी सोय असते, तीही चालू करून द्या. बाहेरचा गोंगाट आत येऊ न देणारा, कानाला नीट बसणारा हेडफोन असेल तर आवाज मोठा करण्याची गरजच कमी पडते. कानाचं माप नीट असावं याचं हेही एक कारण.

आणि वडिलांसाठी. त्यांना कानात खुपसायचं काही देऊ नका, हरवतं आणि त्यांना नकोसंही वाटतं. कान झाकणारा, हलका, वायरवाला घ्या. चार्जिंगची कटकट त्यांच्यामागे लावू नका. टीव्हीला लावायचा असेल तर निघण्याआधी घरी फोन करून टीव्हीच्या मागे हेडफोनचं गोल भोक आहे का ते शेजारच्या मुलाकडून बघून घ्या, आणि खुर्चीपर्यंत पोचेल अशी तीन मीटरची जोडवायर इथूनच बॅगेत टाका. डाव्या-उजव्याची अक्षरं बहुतेक हेडफोनांवर काळ्यावर काळी कोरलेली असतात, त्यांना ती दिसत नाहीत. उजव्या बाजूला लाल दोऱ्याचे दोन फेरे बांधून द्या.